किनारा की कॉरिडॉर

विटा
२१ जुलै २०२४

कुशलभावजी,

फोनवर तुम्ही "हो", "बरं", "जेवलो" एवढंच बोलता, म्हणून कागद घेतला. दहावीच्या वर्षी तुम्ही मला निबंध लिहून दाखवायचात आणि मी लाल पेनाने खुणा करायचे. शेवटी शेवटी खूण करायला काही उरायचंच नाही. तसंच निवांत बसून उत्तर लिहा.

मी मार्चपासून पळते आहे. आधी शाळेच्या मैदानावर पळायचे, पोरं यायच्या आत. आता मायणी रस्त्याने जाते. पहिल्या आठवड्यात दोघीतिघी आईंना विचारून गेल्या, सूनबाई कुठे निघाल्या पळत? आई म्हणाल्या, "परत येते ती. मी बघते की दारातनं." मग कोणी विचारलं नाही. आता चौदा किलोमीटर जमतात.

मला चेन्नईत अर्धी मॅरेथॉन पळायची आहे, एकवीस किलोमीटरची. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिथे दोन आहेत म्हणतात, डिसेंबरात कॉरिडॉर आणि जानेवारीत किनारा, आणि दोघीही स्वतःलाच खरी म्हणवतात. हे पळता पळता गेले ती किनारा, एवढंच मला ठाऊक. दोन्हींची चौकशी करून कळवा. तुम्हाला अशी कामं जमतात.

आईंचा गुडघा बरा आहे.

चित्रा

⁂

जॉर्ज टाउन, चेन्नई
१८ ऑगस्ट २०२४

चित्रावहिनींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण दोन्ही रस्ते चालून बघायचे होते आणि मला सुट्टी रविवारचीच असते. शिवाय पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं. ते पाकीट फाडून दुसरं आणलं.

कॉरिडॉर ८ डिसेंबरला आहे. आयटी कॉरिडॉर म्हणतात त्या रस्त्यावर, शोळिंगनल्लूरच्या चौकातून सुरू होते, सरळ दक्षिणेला जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. चढ एकच, उड्डाणपुलाचा, तोही जातानाच; येताना पुलाखालून आणतात. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आहेत, त्यामुळे सातनंतर ऊन दोन्हीकडून लागतं. मेट्रोच्या कामासाठी पत्रे उभे केलेत तिथे रस्ता अरुंद होतो. पाणी दर दोन किलोमीटरला. संपल्यावर पोंगल आणि वडा मिळतो, पण रांग असते. गाणी मोठ्याने लावतात. पळणारे बहुतेक कंपन्यांचे. दादा होता ती कंपनी तिची स्पॉन्सर आहे, त्यामुळे त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांना तिथेच नाव घालावं लागतं.

किनारा ५ जानेवारीला आहे. नेपियर पुलापासून मरीनाच्या कडेने, सांतोम, अड्यारचा पूल, बेझंट नगर आणि परत. अर्धी मॅरेथॉन म्हणजे ही एक फेरी, पूर्ण म्हणजे दोन. समुद्राचा वारा असतो पण घाम वाळत नाही. अड्यारच्या पुलाचा चढ जाताना आणि येताना, असा दोनदा. पाणी दर दीड किलोमीटरला, शिवाय केळी आणि ताक. ताकात मीठ जास्त असतं. या रस्त्यावर मी नवव्या किलोमीटरपर्यंत चाललो आणि परत फिरलो. पुढचं विचारून लिहितो: रस्ता चांगला आहे असं म्हणतात.

दोघांचीही ऑफिसं नुंगंबाक्कममध्ये एकाच गल्लीत आहेत. पूर्वी एकच क्लब होता. कुठल्या रस्त्यावर पळायचं यावरून भांडण होऊन दोन झाले. कॉरिडॉरच्या ऑफिसात शरण्या नावाच्या बाई होत्या. मी किनाराबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "ते लोक समुद्र दाखवतात. आम्ही वेळ दाखवतो." किनाराच्या विजयेंद्र सरांना हे सांगितलं नाही, तरी ते आपणहून म्हणाले, "तिकडे पळणारे कमी, टी-शर्ट घालून फोटो काढणारे जास्त. तुम्ही तिकडूनच आलात ना? चेहऱ्यावरून कळतं."

नियम दोन्हीकडे सारखे आहेत. छातीवर लावायच्या नंबराच्या मागच्या बाजूला नाव, रक्तगट आणि काही झालं तर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर लिहावा लागतो. आपला नंबर दुसऱ्याला पळायला देता येत नाही. हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.

माझं मत: कॉरिडॉर पळा. सपाट आहे.

आईला नमस्कार. दुकानात ठीक आहे. सोनं गाळायच्या मुशी नवीन आणल्यात, जुन्यांना चिरा गेल्या होत्या.

कुशल

⁂

विटा
८ सप्टेंबर २०२४

कुशलभावजी,

इतकं बारकाईने शाळा तपासणारे साहेबसुद्धा लिहीत नाहीत. ताकातल्या मिठावर आई हसल्या.

पण आता एक वेगळंच लिहायचं आहे. तुमचं पत्र वाचून मी शाळेच्या कंप्युटरवर किनाराचा मागच्या वेळचा निकाल उघडला. पूर्ण मॅरेथॉन, ७ जानेवारी. यांचं नाव शोधलं. नव्हतं. गेलेल्यांची नावं काढत असतील. मग आडनावाने शोधलं, तर तुमचं नाव निघालं. कुशल साळुंखे. दहा किलोमीटर अठ्ठावन्न मिनिटं. एकवीस, दोन तास पाच. तीस, तीन तास चार. त्याच्यापुढे रेघ.

मी ती रेघ खूप वेळ बघत बसले. शिपायाने येऊन विचारलं, मॅडम, दार लावू का?

तुम्ही पळत होतात हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही. तीसच्या पुढे तुम्ही गेला नाहीत, कारण हे तिथेच पडले आणि तुम्ही थांबलात. मला आठ महिने वाटत होतं की रस्त्यावर हे एकटे होते आणि तुम्ही एकदम दवाखान्यात भेटलात. रोज पळताना माझ्या डोक्यात तेवढंच असायचं. म्हणून पळत होते की काय, कोण जाणे.

आईंना सांगितलं. त्यांनी रात्री ताटात दुसरी भाकरी वाढून घेतली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

मी किनाराच पळणार. तुम्ही जिथे थांबलात ती जागा मला दाखवा.

चित्रा

⁂

जॉर्ज टाउन, चेन्नई
२९ सप्टेंबर २०२४

चित्रावहिनींना नमस्कार.

पत्र पोचलं. दुकानात दिवाळीआधीचं काम सुरू झालं आहे. लोक जुने दागिने मोडायला आणतात. शेठ गावाला गेल्यामुळे नोंदी मीच ठेवतो.

मागच्या पत्रात एक चूक होती. किनाराला केळी सगळ्या टेबलांवर नसतात, एक सोडून एक असतात. कॉरिडॉरला सगळीकडे असतात. तेवढ्यासाठी पुन्हा विचार करावा.

इथे पाऊस नाही. आईला नमस्कार.

कुशल

⁂

विटा
१३ ऑक्टोबर २०२४

कुशलभावजी,

तुमच्या पत्रात माझ्या पत्राचं उत्तर नव्हतं. केळ्यांचं होतं.

तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू. आमच्या शाळेत एक मुलगा आहे, वडील गेल्यापासून फक्त पाढे म्हणतो. बाकी विचारलं की खाली बघतो. मी त्याला पाढेच विचारते.

किनाराचा फॉर्म भरला, अर्धी मॅरेथॉन. नाव, वय, रक्तगट सगळं भरलं. काही झालं तर कोणाला फोन करायचा, तिथे तुमचं नाव आणि तुमचा नंबर घातला आहे. दुसरं कोणाचं घालणार? यांच्याजवळ शेवटपर्यंत तुम्हीच होतात.

चार जानेवारीला सकाळी सेंट्रलला उतरते. आईंजवळ माझी बहीण राहील.

चित्रा

⁂

जॉर्ज टाउन, चेन्नई
२७ ऑक्टोबर २०२४

चित्रावहिनी,

फॉर्ममधलं माझं नाव काढता येतं. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. हे पत्र वाचून काढायचं असेल तर काढा.

मी पळत नव्हतो.

मागच्या वर्षी दादानेच मला किनारात नाव घालायला लावलं. म्हणाला, दिवसभर भट्टीजवळ बसून बसून तू म्हातारा होशील. मी नाव घातलं पण सराव केला नाही. त्याने स्वतः कंपनीमुळे कॉरिडॉरमध्ये नाव घातलं होतं. डिसेंबरच्या त्या रविवारी त्याला ड्युटी लागली आणि त्याची कॉरिडॉर हुकली. सात महिन्यांचा सराव वाया गेला. किनाराची नावं तेव्हा बंद झाली होती. मी म्हणालो, माझा नंबर घे. मी म्हणालो, त्याने मागितला नव्हता.

आमच्या दुकानात प्रत्येकाच्या सोन्याबरोबर चिठ्ठी असते. नाव आणि वजन. सोनं मुशीत जातं तेव्हा चिठ्ठी त्याच्या डबीत राहते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या डबीत गेली की त्याच दिवशी कामावरून काढतात. सहा वर्षांत माझी एकही चिठ्ठी चुकलेली नाही.

नंबराच्या मागची माहिती मी आधीच भरून ठेवली होती, सुवाच्य अक्षरात. नाव माझं. रक्तगट माझा. काही झालं तर कोणाला फोन करायचा तिथे दादाचा नंबर, कारण चेन्नईत मला दुसरं कोणी नाही. ते तसंच राहिलं. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

७ तारखेला रविवार होता, पण कंपनीने त्याला परत ड्युटी लावली होती. त्याने ताप आल्याचं कळवलं. कंपनी कॉरिडॉरची, आणि हा रजा टाकून किनारात पळतोय, हे कळलं असतं तर अवघड झालं असतं. फोन माझ्याकडे देऊन म्हणाला, "ऑफिसचा कुठल्याही नंबरवरून फोन येईल. उचलू नकोस. मी तापाने झोपलोय." मी विचारलं, वहिनींचा आला तर? म्हणाला, "तिचा उचल. सांग, मी पळतोय. आणि सांग, चांगला पळतोय."

सुरुवात पाचला झाली. मी नेपियर पुलाजवळ शेवटच्या रेषेपाशी उभा होतो. आठ वाजून एकवीस मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला नाही. आठ अठ्ठावन्नपर्यंत अकरा वेळा वाजला. अकराही वेळा तोच नंबर. मला वाटलं ऑफिसवाले फार मागे लागलेत. दादाला सांगितल्यावर तो हसेल असं वाटलं. आवाज बंद केला नाही, कारण तुमचा फोन आला असता.

तो सव्वानऊला यायला हवा होता. पावणेदहापर्यंत वाट बघितली. मग मदतीच्या तंबूत गेलो. तिथे फळ्यावर दवाखान्यात नेलेल्यांची यादी होती. तिच्यात एकतिसाव्या किलोमीटरसमोर माझं नाव होतं.

ते मी दोनदा वाचलं. मग तिथल्या मुलीला सांगितलं, हा मी आहे. ती म्हणाली, मग तुम्ही बरे आहात, छान. मला तिला समजावून सांगायला वेळ लागला.

दवाखान्यात दहा पंचविसाला पोचलो. दादा नऊ चाळीसला गेला होता. कागदावर माझं नाव होतं. मी सांगितल्यावर ते खोडून त्याचं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, तुम्ही आधी आला असतात तरी तो वाचला नसता. ते मला समजलं. पण पहिला फोन उचलला असता तर मी नऊच्या आत तिथे असतो. चाळीस मिनिटं होती. तेवढा वेळ त्याला सगळे कुशल म्हणून हाक मारत होते आणि कुशल पुलाजवळ फोन हातात घेऊन उभा होता.

तुम्ही निकालात बघितलेले आकडे दादाचे आहेत. तीन तास चार मिनिटं. तो चांगला पळत होता.

आईने दुसरी भाकरी घेतली हे वाचून मी महिनाभर हे लिहिलं नाही. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

कुशल

⁂

विटा
२ डिसेंबर २०२४

कुशलभावजी,

पत्र मिळून महिना झाला. मला राग आला होता. कोणाचा, ते ठरवता येईना. दोन आठवडे पळायला गेले नाही. मग गेले.

यांचा फोन तुम्हीच मला आणून दिला होतात. मी तो फेब्रुवारीत चार्ज केला. अकरा मिस्ड कॉल मी बघितले होते. त्या नंबरवर फोनही केला होता. कोणीतरी तमिळमध्ये बोललं, मला कळलं नाही, मी ठेवला. मला वाटलं फोन सामानाच्या पिशवीत पडून असेल. तो तुमच्या हातात असेल असं डोक्यात आलं नाही. मीच त्या दिवशी सकाळी फोन केला असता तर तुम्ही उचलला असता. मी केला नाही, पळताना त्रास नको म्हणून. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आईंना सांगायचं की नाही यात पंधरा दिवस गेले. शेवटी तुमचं पत्रच वाचून दाखवलं, सगळं. त्या भिंतीकडे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "दिनानं सांगितलं आणि कुशलनं ऐकलं नाही, असं कधी झालंय का?" मग उठून दिवा लावला. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक भाकरी घेतली. आता एकच घेतात.

फॉर्ममधलं नाव मी काढलेलं नाही. तीस तारीख उलटून गेली.

आता ऐका. पाच जानेवारीला माझा फोन माझ्याजवळ नसेल, तोही तुमच्याकडे असेल. दोन्ही फोन हातात धरायचे. खिशात नाही. कोणाचाही येऊ दे, कुठल्याही नंबरवरून येऊ दे, उचलायचा. शेवटच्या रेषेपाशी उभं राहायचं नाही. बेझंट नगरला, दहाव्या किलोमीटरला उभं राहायचं. अर्धीचं दहावं आणि पूर्णचं एकतिसावं एकाच ठिकाणी येतं, हे मी नकाशावर मोजलं आहे. जिथून तुम्ही परत फिरलात, त्याच्या एक किलोमीटर पुढे.

चित्रा

⁂

जॉर्ज टाउन, चेन्नई
१२ जानेवारी २०२५

चित्रावहिनींना नमस्कार.

तुमचं प्रमाणपत्र सोबत पाठवतो. त्यावरचं नाव तपासलं, बरोबर आहे. वेळ तीन तास सोळा मिनिटं.

गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, त्या सकाळचं सगळं लिहून पाठवा, आईंना वाचून दाखवायचं आहे. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही लिहितो.

साडेपाचला तुमची अर्धी सुटली, तेव्हा मी दहाव्या किलोमीटरच्या टेबलापाशी पोचलो होतो. तिथे पाणी द्यायला सेतुमाधवराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. तंजावरकडचे मराठी, बँकेत कारकून होते. दरवर्षी त्याच टेबलावर असतात. दोन हातांत दोन फोन बघून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, दुकान लावलं आहेस का? माझी तमिळ ऐकून ते मराठीत बोलू लागले. त्यांची मराठी आपल्यासारखी नाही. जुन्या कागदावरची वाटते, पण समजते. मला तंबी म्हणत होते, म्हणजे धाकटा भाऊ.

मी सांगितलं, मागच्या वर्षी इथे पडला तो माझा भाऊ. ते पाण्याचे पेले भरायचे थांबले. म्हणाले, "तो तुझा भाऊ की, तंबी? त्याचें डोकें मी मांडीवर घेतलें होतें. पहिलें मी तमिळ बोललों. मग तो 'आई गं' म्हणाला, तेव्हां कळलें, आपलाच मनुष्य. मग मराठींतच बोललों."

मी विचारलं, तो काही म्हणाला का?

ते म्हणाले, "नंबरावर कुशल होतें, म्हणून सगळे 'कुशल, कुशल' म्हणून हाक मारीत होते. तो हंसला. म्हणाला, कुशल पुलाजवळ उभा आहे. फोन त्याच्यापाशीं आहे. तो उचलायचा नाहीं, मीच सांगितलें आहे. आम्हांस वाटलें, बिचाऱ्याचें डोकें फिरलें, आपलेंच नांव घेऊन बोलतो. म्हणून ती तंबूंतली मुलगी फोन लावीतच राहिली."

मी त्यांना ते परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही त्यांनी तेच शब्द सांगितले.

तेवढ्यात तुमचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. मी उचलला. एक मुलगी तमिळमध्ये पाणी गाळायच्या यंत्राबद्दल बोलत होती. मी पूर्ण ऐकून घेतलं आणि नको म्हणालो. सेतुमाधवराव म्हणाले, "रविवारीं पहांटेंसुद्धां सोडीत नाहींत." दुसऱ्यांदा आईचा आला. विचारलं, गेली का पुढे? मी म्हणालो, अजून नाही. तिने ठेवला नाही. नुसती धरून होती. मीही ठेवला नाही.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी माझा फोन वाजला, तोही अनोळखी नंबर. पहिल्या रिंगला उचलला. एका माणसाने इंग्रजीत विचारलं, चित्रा साळुंखे तुमच्या कोण? मी म्हणालो, वहिनी. तो म्हणाला, त्यांच्या पोटरीत गोळा आला आहे, फुटपाथवर बसल्या आहेत, नवव्या किलोमीटरच्या पाटीच्या थोडं पुढे, घाबरू नका.

मी पळालो. पायात चप्पल होती. सेतुमाधवरावांनी मागून ताकाचा पेला घे म्हणून हाक मारली, पण मी थांबलो नाही. एका हातात आई अजून फोनवर होती.

तुमच्यापर्यंत पोचायला मला चार मिनिटं लागली. तुम्ही वर बघून म्हणालात, "उचललात." मग पाय माझ्याकडे केलात. मी पोटरी चोळली आणि तुम्ही उठून पुढे गेलात.

आईला सांगा, ती पूर्ण वेळ फोनवर होती. मी तो बंद केला नव्हता.

कुशल